मठाला दावा लावता येतो, मग मठातल्या साधूला का नाही? मध्ययुगीन कायद्यातील ‘व्यक्ती’

धागा : ताम्रपट

देवस्थान, कंपनी किंवा नदी यांना कायद्याने व्यक्ती मानल्याची बातमी आली की ‘त्यांना माणसाचा दर्जा मिळाला’ असे सर्रास म्हटले जाते. युरोपातील तेराव्या आणि चौदाव्या शतकातल्या कायदेपंडितांनी या प्रश्नाची जी मांडणी केली ती पाहिली, तर हा समज टिकत नाही. त्यांच्यापुढे प्रश्न दर्जाचा नव्हताच. दावा कोणी लावायचा, शपथ कोणी घ्यायची, कर्ज कोणाच्या नावावर राहणार आणि शिक्षा कोणाच्या अंगावर पडणार, हे त्यांच्यापुढचे प्रश्न होते, आणि एकाच संस्थेच्या बाबतीत त्यांची उत्तरे एकमेकांपासून वेगळी असू शकत होती. व्यक्तित्व हे तेव्हा एकदम सगळे मिळणारे किंवा सगळे जाणारे नव्हते, ते कामापुरते तुकड्यातुकड्याने मिळत होते, असे माझे मत आहे आणि ते तपासून पाहण्यासाठी हा धागा काढला आहे.

सुरुवात शपथेपासून करते. बिशपच्या मुख्य चर्चला जोडलेले पुरोहितांचे मंडळ असे. त्या मंडळाच्या जमिनी असत, दशमांशाचे हक्क असत आणि त्यावरून खटलेही असत. आपला दावा खोडसाळपणाचा नाही अशी शपथ चर्चच्या न्यायालयात पक्षकाराला घ्यावी लागे. पक्षकार एकटा नसून अख्खे मंडळ असेल, तर शपथ प्रत्येक पुरोहिताने घ्यायची की सर्वांच्या वतीने एकाने? इनोसंट चौथा, म्हणजे जेनोवाच्या फिएस्की घराण्यातला सिनिबाल्दो, हा १२४३ ते १२५४ या काळात पोप होता आणि मुळात तो कायद्याचा पंडित होता. पोपपदावर असतानाही त्याने पोप नवव्या ग्रेगरीच्या १२३४ च्या निर्णयसंग्रहावर भाष्य लिहिले. त्यात साक्षींच्या प्रकरणाखाली तो सांगतो की मंडळाने आपल्या मुखत्यारामार्फत एकच शपथ घेतली तरी पुरे, कारण संघाच्या कामात मंडळ ही एकच व्यक्ती आहे असे कल्पिले जाते. पुढे एकोणिसाव्या शतकात जर्मन इतिहासकार ओटो फॉन गिर्के याने याच वाक्यावरून इनोसंटला ‘कल्पित व्यक्ती’ या सिद्धांताचा जनक ठरवले. मला स्वतःला तो मान थोडा जड वाटतो. इनोसंट एका प्रक्रियेतील अडचण सोडवत होता. समाज म्हणजे काय याचे तत्त्वज्ञान मांडण्याचा त्याचा हेतू त्या भाष्यात कुठे दिसत नाही.

त्याच इनोसंटने दुसऱ्या ठिकाणी मंडळाचे व्यक्तित्व नाकारले, आणि ते नाकारणे मला अधिक मोलाचे वाटते. एखाद्या मंडळाला किंवा नगराला संपूर्णपणे धर्मबहिष्कृत करण्याची प्रथा बिशपांमध्ये होती. त्याने ती बंद केली. कारण असे दिले की एवढ्या मोठ्या समुदायात कोणी ना कोणी निर्दोष असणारच, आणि त्या निर्दोषांच्या आत्म्याला अशा निकालामुळे धोका पोहोचेल. हा निर्णय पुढे पोप आठव्या बोनिफेसच्या १२९८ च्या संग्रहात समाविष्ट झाला. भाष्यात इनोसंट आणखी पुढे जातो आणि म्हणतो की मंडळ, नगरजन, जमात ही कायद्याने दिलेली नावे आहेत. ती माणसे नव्हेत, आणि बहिष्कार तर आत्म्यावर घालायचा असतो. म्हणजे शपथेपुरते जे मंडळ व्यक्ती होते, तेच बहिष्कारापुरते व्यक्ती नव्हते. यात विसंगती नाही. दोन्ही ठिकाणी विचार एकच आहे की या कल्पनेचे ओझे शेवटी कोणत्या जिवंत माणसावर पडणार.

यामागे रोमन कायद्याचा आधार होता. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने सिद्ध केलेल्या संग्रहात उल्पियन या रोमन कायदेपंडिताचे वचन आहे की संघाचे येणे हे एकेका सदस्याचे येणे नसते आणि संघाचे देणे हे एकेका सदस्याचे देणे नसते. सदस्य कमी होत होत एकच उरला, तरी संघाचे नाव टिकते, असेही तो सांगतो. बोलोन्यात बाराव्या शतकापासून हा संग्रह पुन्हा शिकवला जाऊ लागला आणि मध्ययुगातील नगरे, व्यवसायसंघ, मठ, विद्यापीठे या सर्वांना ही वचने आयती मिळाली.

आता दुसरी बाजू. इंग्लंडच्या कायद्यात मठाची दीक्षा घेतलेला साधू कायद्याच्या दृष्टीने मृत समजला जाई. दीक्षेच्या क्षणी त्याची वतने वारसाकडे जात. त्याने आधी मृत्युपत्र केलेले असेल तर त्याची अंमलबजावणी लगेच सुरू होई. त्याला स्वतःच्या नावाने दावा लावता येत नसे, काही विकत घेता येत नसे. त्याच्याविरुद्धची दिवाणी फिर्यादही मठाधिपतीला सोबत ओढूनच करावी लागे. हा मनुष्य रोज जेवत होता, प्रार्थना म्हणत होता, गुन्हा केला तर पकडला जात होता. पण मालमत्तेच्या जगात तो नव्हता. पुढे त्याची दीक्षा अवैध ठरली तर तो कायद्यात ‘परत जिवंत’ होई आणि आपला वारसा मागू शके. एका छपराखाली राहणाऱ्या माणसांचे व्यक्तित्व काढून घ्यायचे आणि त्यांच्या छपराला ते द्यायचे, अशी ही रचना होती. तिच्यामागचे गणित उघड आहे. साधूला खाजगी मालमत्ता असू नये हा नियमच होता, आणि तो पाळायचा तर मालक दुसरा कोणीतरी असणे भाग होते.

या न मरणाऱ्या मालकाने राजाची मात्र पंचाईत केली. जमीनदार मेला की वारसाकडून वरच्या धन्याला नजराणा मिळे. वारस अज्ञान, म्हणजे वयात न आलेला, असेल तर जमिनीचे पालकत्व मिळे, आणि त्याचे लग्न ठरवण्याचा हक्कही मिळे. मठ मरत नाही, अज्ञान वारस मागे ठेवत नाही, लग्न करत नाही. म्हणून पहिल्या एडवर्डने १२७९ मध्ये कायदा करून धर्मसंस्थांना जमीन देण्यावर बंदी घातली, आणि १३९१ मध्ये तीच बंदी नगरे व संघ यांनाही लागू झाली. व्यवहारात राजाचा परवाना विकत घेऊन जमिनी दिल्या जात राहिल्या. पण कायद्याने निर्माण केलेली व्यक्ती अमर असते म्हणजे नेमके काय, हे त्या काळच्या खजिनदाराला कोणत्याही पंडिताइतके समजले होते.

या विषयातील इतर प्रांतांची माहिती असणाऱ्यांनी कृपया भर घालावी.

प्रतिसाद : काळा कोट

धागा उत्तम आहे. बहिष्काराबाबत एक पुरवणी जोडतो, कारण इनोसंटची भूमिका वाचताना ती आहे त्यापेक्षा उदार वाटण्याचा संभव आहे. बहिष्कार गेला तरी धर्मकृत्यबंदी राहिली. तिच्यामध्ये त्या प्रदेशातील चर्चमध्ये पूजाविधी थांबत, आणि दोषी व निर्दोष दोघेही सारखेच होरपळत. पोप तिसऱ्या इनोसंटने इंग्लंडवर १२०८ मध्ये घातलेली बंदी १२१४ पर्यंत चालली, आणि फ्लॉरेन्सवर १३७६ मध्ये तीच वेळ आली. शिवाय चौथा इनोसंट स्वतःही संघाला पूर्ण मोकळे सोडत नाही. संघाच्या आज्ञेने किंवा नंतरच्या संमतीने त्याच्या प्रमुखांनी अपराध केला असेल, तर संघाकडून दंड वसूल करता येतो, असे त्याचे मत होते. आत्म्याला शिक्षा नाही, पण तिजोरीला आहे, असा तो भेद आहे.

या भेदाची सर्वांत नीट मांडणी बार्तोलुस (मृत्यू १३५७) या इटालियन कायदेपंडिताने केली. तो पिसा आणि पेरुजा येथे शिकवत असे. संघ गुन्हा करू शकतो का, या प्रश्नावर तो आधी तत्त्वज्ञांचे मत मांडतो की संघ म्हणजे त्यातील माणसेच, त्यापलीकडे काही नाही. ते मत वस्तुस्थिती म्हणून खरे आहे असे तो मान्य करतो. पण कायद्याच्या कल्पनेत विद्यापीठ हे विद्यार्थ्यांहून वेगळी व्यक्ती आहे, कारण सगळे विद्यार्थी जाऊन त्यांच्या जागी नवे आले तरी विद्यापीठ तेच राहते. मग तो गुन्ह्यांचे दोन गट करतो. अन्यायकारक नियम करणे, अधिकाराचा गैरवापर करणे, करायचे ते न करणे, हे अपराध खुद्द संघच करू शकतो, कारण ती कृत्ये संघाशिवाय दुसऱ्या कोणाला करताच येत नाहीत. खून किंवा मारहाण मात्र हातांनी होते आणि संघाला हात नसतात, म्हणून तिथे ती करणारी माणसेच मुख्य दोषी. कंपन्यांच्या गुन्हेगारी जबाबदारीवर आज वकील जे युक्तिवाद करतात त्यांपैकी कितीतरी या एका उताऱ्यात बीजरूपाने आहेत.

व्यवहारातील शिक्षेचे उदाहरण लंडनचे आहे. पहिल्या एडवर्डने १२८५ मध्ये त्या नगराचे स्वातंत्र्य आपल्या हाती घेतले, आणि १२९८ पर्यंत तिथे निवडलेल्या महापौराऐवजी राजाने नेमलेला अधिकारी कारभार पाहत होता. नगराला तुरुंगात टाकता येत नाही, पण त्याचे नगरपण तात्पुरते काढून घेता येते.

प्रतिसाद : शाईदौत

संस्थांइतकाच मनुष्यांचा विचार व्हावा असे मला वाटते, कारण ‘तुकड्यातुकड्याने’ हे आपले म्हणणे तिथे अधिक ठळकपणे खरे ठरते. आइके फॉन रेपगो याने १२२० ते १२३५ च्या दरम्यान सॅक्सनीच्या चालीरीतींचा जो कायदेग्रंथ लिहिला, त्याच्यात प्रत्येक वर्गाच्या माणसाला इजा झाली तर त्याला किती भरपाई द्यायची याची जंत्री आहे. सरदाराची भरपाई मोठी, शेतकऱ्याची लहान, हे अपेक्षितच आहे. रोजंदारीच्या मजुराची भरपाई लोकरीचे दोन हातमोजे आणि शेणाचा दाताळा एवढीच. आणि शेवटी ज्यांना हक्क नाहीत असे लोक येतात. भाट-गवय्यांना भरपाई म्हणून माणसाची सावली द्यावी, आणि पैसे घेऊन दुसऱ्यासाठी द्वंद्व लढणाऱ्याला उन्हात धरलेल्या ढालीची झळाळी द्यावी, असे ग्रंथ सांगतो.

पुष्कळांनी हे केवळ क्रूर थट्टा म्हणून वाचले आहे. परंतु आइके स्वतःच कारण देतो. अशा भरपाईचा त्या लोकांना फारसा उपयोग नाही, तरीही ती ठरवून ठेवली आहे, कारण भरपाईच्या मागोमाग न्यायाधीशाला द्यायचा दंड येतो. म्हणजे गवय्याला मारणाऱ्याला न्यायालयाचा दंड चुकत नाही. जखमी माणसाच्या पदरात सावलीच पडली तरी त्याच्यावर झालेला प्रहार हा अपराध म्हणून नोंदला जावा, एवढे व्यक्तित्व कायद्याने त्याच्यासाठी राखून ठेवले. त्याच ग्रंथात पुढे असेही आहे की भटक्या स्त्रीवरही बलात्कार होऊ शकतो आणि तो करणारा आपला जीव गमावून बसतो. हक्क नसलेल्या स्त्रीच्या बाबतीतही इतके स्पष्ट लिहिणारा तेराव्या शतकातला लेखक मला आदरणीय वाटतो.

इंग्लंडमधील वेठकुळाची, म्हणजे धन्याच्या जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्याची, स्थितीही अशीच होती. तो आपल्या धन्याविरुद्ध दावा लावू शकत नसे, पण इतर कोणाही विरुद्ध तो बहुतांशी मोकळा होता. विवाहित स्त्रीचे व्यक्तित्व नवऱ्याच्या आड जाई. मात्र लंडनच्या रिवाजानुसार स्वतंत्र धंदा करणारी विवाहित स्त्री त्या धंद्यापुरती एकटीने दावा लावू शके आणि तिच्यावरही दावा लावता येई. कोणाच्या संदर्भात आणि कोणत्या कामासाठी, हे विचारल्याशिवाय ‘ती कायद्याने व्यक्ती होती का’ या प्रश्नाला उत्तरच नाही.

प्रतिसाद : नवा वाचक

मग प्राण्यांवरील खटल्यांचे काय? १३८६ मध्ये फ्रान्समधील फालेझ येथे बालकाला मारल्याबद्दल एका डुकरिणीला फाशी दिल्याचे वाचले आहे. तिला व्यक्ती मानल्याशिवाय खटला कसा चालला असेल?

प्रतिसाद : काळा कोट

फालेझची घटना खरी आहे आणि तिच्यासारख्या इतरही आहेत. १४५७ मध्ये साविन्यी येथे डुकरिणीला शिक्षा झाली आणि तिच्या पिलांना सोडून दिले गेले. परंतु यावरून प्राण्याला व्यक्तित्व होते असे म्हणणे धाडसाचे होईल. प्राणी दावा लावत नव्हता, त्याची मालमत्ता नव्हती, त्याला शपथ देता येत नव्हती. बोव्हेझी प्रांताच्या रिवाजांवर १२८३ च्या सुमारास लिहिणाऱ्या फिलिप द बोमानुआर या न्यायाधीशाने तेव्हाच बजावले होते की ज्या जनावराला चांगले-वाईट कळत नाही त्याला देहदंड देणे म्हणजे न्याय वाया घालवणे आहे. त्यामुळे मध्ययुगात सर्वांनाच हे खटले योग्य वाटत होते, हेही खरे नाही.

प्रतिसाद : शिलालेख

भारतातील चर्चा इथे जोडणे अप्रस्तुत होणार नाही, कारण आपल्याकडे हाच प्रश्न देवाच्या निमित्ताने अतिशय कठोर तर्काने तपासला गेला होता. मीमांसासूत्रांवरील भाष्यात शबरस्वामी म्हणतात की ‘देवग्राम’, ‘देवक्षेत्र’ हे शब्द केवळ उपचाराने वापरले जातात. ज्याला एखादी वस्तू आपल्या इच्छेप्रमाणे वापरता येते ती त्याची मालकीची. देवता गाव किंवा शेत आपल्या इच्छेप्रमाणे वापरत नाही, म्हणून ती मालक नाही. मनुस्मृतीवर भाष्य लिहिणारा मेधातिथीही देवतेची मालकी गौण अर्थानेच मानतो. यज्ञाला आयुष्य वाहिलेल्या परंपरेने देवाला मालक म्हणण्यास नकार द्यावा, ही मला भारतीय विचारातील एक अत्यंत निर्भीड गोष्ट वाटते.

शिलालेखांतील व्यवहार मात्र वेगळ्याच वाटेने चालला होता. चोळांच्या काळातील शिवमंदिरांच्या लेखांत जमिनीची खरेदी-विक्री चंडेश्वराच्या नावाने होते. चंडेश्वर हा शिवाचा भक्त आणि कारभारी. मुख्य देव मालक, पण सही करायला दुसरा कोणी, आणि तोही देवच! पंढरपूरच्या चौऱ्याऐंशीच्या लेखात, म्हणजे १२७३ ते १२७७ या यादवकाळातील नोंदींत, विठ्ठलाला दान देणाऱ्यांची आणि त्यांच्या दानांची यादी आहे. देणाऱ्यांच्या मनात घेणारा कोण होता याबद्दल तिथे काही संदिग्धता दिसत नाही.

संघांविषयी याज्ञवल्क्यस्मृतीत स्वतंत्र प्रकरणच आहे. समूहाने केलेला करार मोडणाऱ्याला, समूहाचे द्रव्य हरण करणाऱ्याला तिथे शिक्षा सांगितली आहे, आणि हाच नियम श्रेणी, नैगम, पाखंडी आणि गण यांनाही लागू आहे असे म्हटले आहे. विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या काळात, बाराव्या शतकाच्या आरंभी, त्यावर टीका लिहिली. समूह म्हणजे कोणती व्यक्ती, असा प्रश्न तिथे उपस्थित होत नाही. समूहाचे द्रव्य आणि समूहाची आज्ञा एवढे पुरेसे मानले आहे.

इंग्रजी अमलात या दोन वाटा पुन्हा एकमेकींना भेटल्या. डाकोरच्या रणछोडरायाच्या देवस्थानाच्या खटल्यात १८८७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने असे म्हटले की रोमन कायद्याप्रमाणे हिंदू कायदाही संघांबरोबरच धर्मार्थ संस्थांना कायद्यातील व्यक्ती मानतो. १९२५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधील तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, कोलकात्याच्या मलिक घराण्यातील वादात मूर्तीच्या हिताचा स्वतंत्र विचार झाला पाहिजे असे सांगितले. देव हा कायम अज्ञान बालकासारखा, म्हणून त्याला पालक हवा, ही कल्पना आपल्याला खास देशी वाटते. पण तेराव्या शतकात इंग्लंडमध्ये ब्रॅक्टन या कायदेपंडिताच्या नावे असलेल्या ग्रंथात चर्चलाही अज्ञान वारसासारखे संरक्षण दिलेले आहे, आणि १०८६ च्या इंग्लंडच्या जमीनमोजणीत संत पॉल, संत पीटर हे जमीनधारक म्हणून नोंदलेले आढळतात.

प्रतिसाद : गावकार

गोव्याची ‘गावकरी’ ही संस्था या चर्चेत यायलाच हवी. जमीन गावाची, वाटा मूळ गावकारांच्या पुरुष वंशजांचा, आणि महसुलाची जबाबदारी सामूहिक, ही व्यवस्था पोर्तुगीज येण्यापूर्वीची. १५२६ मध्ये आफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने तिचे रिवाज फोरालमध्ये, म्हणजे सरकारी सनदेत, लेखी नोंदवून घेतले. देवळांच्या उत्पन्नाच्या जमिनी नंतर ख्रिस्ती धर्मसंस्थांकडे वळवल्या गेल्या, पण गावकरी ही संस्था मोडली नाही. तिचा मालक म्हणूनचा वावर चालूच राहिला आणि कोमुनिदाद या नावाने ती आजही आहे.

इनोसंटच्या मुद्द्याशी जोडलेली एक गोष्ट दुःखाने सांगावीशी वाटते. १५८३ च्या कुंकळ्ळीच्या पोर्तुगीजांविरुद्धच्या उठावानंतर नायकांना तर मारलेच, शिवाय कुंकळ्ळी, असोळणे, वेळ्ळी, आंबेली आणि वेरोडा या गावांच्या जमिनी गावकऱ्यांकडून काढून जुआंव द सिल्वा या पोर्तुगीजाला देण्यात आल्या. गावाला व्यक्ती मानले की गावाला शिक्षाही करता येते, आणि ती शिक्षा उठावाच्या वेळी जन्मही न झालेल्यांनी भोगली. काळ मध्ययुगानंतरचा आहे, पण राज्य करणाऱ्यांचे कायद्याचे शिक्षण त्याच परंपरेतले होते.

प्रतिसाद : ताम्रपट

सर्वांचे मनापासून आभार. शबरस्वामींची कसोटी वाचून मला पोप तिसऱ्या अलेक्झांडरचा एक निर्णय आठवला. तो बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. पोपने एका खटल्याची चौकशी एखाद्या मठाच्या मठाधिपतीकडे सोपवली आणि मधल्या काळात तो वारला, तर अधिकार संपतो का, असा तो प्रश्न होता. उत्तर असे दिले गेले की आदेशात मठाधिपतीचे व्यक्तिगत नाव असेल तर अधिकार त्याच्याबरोबर संपतो. नुसते पदाचे नाव असेल तर तो उत्तराधिकाऱ्याकडे जातो. भाष्यकारांनी यावरून पद कधी मरत नाही हे सूत्र काढले, आणि पुढे ते राजपदालाही लावले गेले.

शबरस्वामी विचारतात की इच्छेप्रमाणे वापरणारा कोण. अलेक्झांडरचा निर्णय विचारतो की आदेशात नाव कोणाचे. पहिली कसोटी लावली तर मठही मालक ठरत नाही, कारण त्यालाही इच्छा नाही, मठाधिपतीला आहे. दुसरी लावली तर देवस्थान निर्विवाद मालक ठरते, कारण दानपत्रात नाव देवाचे असते, पुजाऱ्याचे नाही. चंडेश्वर या दोन कसोट्यांच्या मधोमध उभा आहे असे मला वाटते. नाव शिवाचे आहे, आणि इच्छा व्यक्त करणारा दुसरा नेमून दिला आहे. मुखत्यारामार्फत शपथ घेणारे इनोसंटचे मंडळही तेच करत होते.

कुंकळ्ळीचे उदाहरण मी पुढील वाचनासाठी टिपून ठेवले आहे. त्या पाच गावांच्या जमिनी काढून घेताना कागदोपत्री कारण गावाच्या अपराधाचे दिले होते की गावकारांच्या, हे मूळ दस्तऐवजांत पाहायला हवे, कारण बार्तोलुसच्या विभागणीनुसार कर न भरणे हा गावाचा अपराध होऊ शकतो, माणसे मारणे होऊ शकत नाही.